पाचवं नाव

मंत्री गेल्याची बातमी औसा तालुक्यात दोन तोंडांनी आली. एका पेपरात छापलं होतं की शिक्षणमंत्र्यांनी शाळांच्या मान्यता भाजीपाल्यासारख्या विकल्या, म्हणून त्यांना हाकललं. दुसऱ्या पेपरात तेच मंत्री गोरगरिबांचे कैवारी होते आणि कारस्थानाला कंटाळून त्यांनी खुर्ची लाथाडली होती. फाट्यावरच्या हॉटेलात दोन्ही पेपर यायचे. शिवशंकरनं उभ्याउभ्या दोन्ही वाचले. चहा निवून गेला, तरी नक्की काय झालं ते त्याला कळलं नाही. कळलं ते एवढंच, की तेरा वर्षांनी घास तोंडाशी आलाय आणि नेमकी आताच पंगत उठायला लागलीय.

मंत्री काही आपल्या जिल्ह्याचे नव्हते. ते लातूरला आले असतील दोनदा, त्यातही एकदा विश्रामगृहातूनच परत गेले. पण त्यांच्यासाठी डोकी फोडायला निघालेली माणसं सकाळी आठलाच फाट्यावर टायर गोळा करत होती. आणि मंत्री गेले म्हणून नाचायला निघालेली माणसं तिकडं लातुरात गुलालाची पोती सोडत होती. दोन्हीकडच्या एकालाही विचारलं असतं, बाबा रे, तुझं काय गेलं किंवा तुला काय मिळालं, तर तो गप्प बसला असता. गेलं तर शिवशंकरचं जाणार होतं. त्याला कुणी विचारत नव्हतं.

शाळेची गोष्ट अशी. भूकंपात गाव ढिगाऱ्याखाली गेलं तेव्हा शिवशंकर नुकता बी.एड. होऊन घरी आला होता. घर गेलं, वडील गेले. उरलेली पोरं पत्र्याच्या शेडात दिवसभर नुसती बसून राहायची, रडायचीसुद्धा नाहीत. ते बघवेना, म्हणून त्यानं त्यांना एका शेडात पाढे म्हणायला बसवलं. फळा नव्हता, मदतीच्या गाडीतून आलेल्या खोक्याचा पुठ्ठा होता. तीन महिन्यांनी मडिवाळप्पा जीपमधून आले. सगळा तालुका त्यांना आप्पा म्हणतो. त्यांनी हार घालून घेतला आणि शेडावर आपल्या संस्थेची पाटी ठोकली. शाळा शिवशंकरनं सुरू केली होती, पण सरकार पाटी वाचतं. तेव्हापासून तो विनाअनुदानित शाळेचा मास्तर झाला, म्हणजे हजेरीपटावर सही करायची आणि पगाराचं नाव काढायचं नाही. सकाळी शाळा, दुपारी लातूरला आलोक सरांच्या क्लासात गणित. नांदेड-धर्माबादपासून बारावीच्या पोरांचे लोंढे लातुरात येत होते, गल्लीगल्लीत क्लास निघाले होते, म्हणून घरात चूल पेटत होती. सरकारी नोकरीचं वय मात्र तीन वर्षांपूर्वी उलटलं होतं. आता ही शाळा, नाहीतर काहीच नाही.

जायच्या पंधरा दिवस आधी मंत्र्यांनी अनुदानाच्या यादीवर सही केली आणि त्या यादीत शाळेचं नाव आलं. शिक्षकांच्या नावांचा प्रस्ताव खात्याच्या लातूरच्या कचेरीत द्यायचा होता, मुदत आज पाचपर्यंत. तारीख वाढेल अशी आशा होती, ती मंत्र्यांबरोबरच गेली. नवा मंत्री जुन्याची यादी फाडणार हे शेंबडं पोरही सांगत होतं. आज ज्यांचा प्रस्ताव पोचेल ते वाचले.

आणि मान्य पदं होती पाच. शाळेत शिक्षक सहा.

कुणाचं नाव गळणार ते आप्पांनी पंधरा दिवस पोटात ठेवलं होतं. सहाही मास्तर त्यांच्याभोवती नाचत होते. कुणी त्यांच्या मळ्यात मोटार चालू करायला जायचं, कुणी नातवाच्या वह्या भरायचं. शिवशंकरनं प्रस्तावाची ऐंशी पानं तयार केली. फक्त शेवटचं, नावांचं पान आप्पांनी घरी बसून, कार्बन घालून, स्वतःच्या हातानं लिहिलं आणि पाकिटाला डिंक लावला.

सकाळी निघताना बायको, वर्षाराणी, दारापर्यंत आली. ती एरवी शाळेबद्दल बोलायचीच नाही. बोलून बोलून थकली होती. आज म्हणाली, "नाव डोळ्यांनी बघूनच या. कुनी सांगितलं म्हनून येऊ नका."

शाळेत तास नव्हते. आप्पांनी शिपायाला जुन्या छत्रीचं काळं कापड कातरायला बसवलं होतं आणि पोरांच्या बाह्यांना फिती लावणं चालू होतं. शिवशंकरच्या खिशावर त्यांनी स्वतः टाचणी टोचली.

"साहेबावर अन्याय झालाय. पोरं घेऊन समदे फाट्यावर. रस्ता रोको," आप्पा म्हणाले. मग त्याला बाजूला घेऊन पाकीट हातात दिलं. "तू मात्र लातूर गाठ. कचेरीतली मान्सं तुला वळखत्यात. पाचच्या आत टेकव आन् पोच घेऊन ये."

"आप्पा," शिवशंकर पाकीट चाचपत म्हणाला, "माझं नाव..."

"तुझं न्हाई तर कुनाचं रे? शाळा कुनी उभी केली?" आप्पांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. "जा, येळ करू नको."

या वाक्यावर त्यानं किती विश्वास ठेवला? पुरता ठेवला. तेरा वर्षं ज्याचं ऐकलं तो खोटं बोलतो असं मानलं, तर ती तेरा वर्षं कुठं टाकायची?

फाट्यावर आप्पांच्याच पक्षानं त्याची वाट अडवली. टायर पेटले होते, एस.टी. उभ्या होत्या, आणि आठवीच्या पोरी उन्हात डांबरावर बसून "भाऊसाहेब आगे बढो" ओरडत होत्या. भाऊसाहेब म्हणजे गेलेले मंत्री, हे त्यांना त्या सकाळीच कळलं होतं. एक वाजला, दोन वाजले. अलीकडं वाहन येईना, पलीकडं जाऊ देईनात. शिवशंकर पाकीट छातीशी धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझारा घालत राहिला. घोषणा देणाऱ्यांनी त्याला दोनदा हटकलं, सर, हात वर करा की. त्यानं हात वर केला.

तीन वाजता सर्वेश आला. सर्वेश म्हणजे आप्पांच्या बहिणीचा पोरगा, दोन वर्षांपूर्वी शाळेत लागलेला. विज्ञान शिकवायचा, आणि बरा शिकवायचा. त्याच्या गाडीला पक्षाचा झेंडा होता, तिला कुणी अडवलं नसतं.

"सर, तुम्ही अजून हितंच? बसा मागं."

"तुला मामा बोलतील."

"बोलू द्या. तुमची यादी ऱ्हायली तर समद्याचंच ऱ्हायलं."

त्यानं शेतातून, बांधावरून गाडी काढली आणि टायरच्या धुराला वळसा घालून लातूरच्या रस्त्याला लावली. वाटेत वाऱ्यात ओरडून म्हणाला, "सर, मला वाटतंय माझंच नाव गळंल. मी सगळ्यात नवा. गळू द्या, मला वय हाय अजून. तुमचं व्हायलाच पायजे." शिवशंकरनं त्याच्या खांद्याला धरलं होतं, तो हात जरा घट्ट झाला. शहराच्या तोंडाशी सर्वेशनं गाडी थांबवली. झेंडा घेऊन पुढं जाणं म्हणजे मार खाणं होतं. "फीत काढून ठेवा सर, तिकडं दुसऱ्यांचं राज्य हाय," तो हसून म्हणाला आणि वळला.

शिवशंकरनं फीत काढून खिशात कोंबली आणि झपाझप चालायला लागला. चार वाजून गेले होते. कचेरीची वाट क्लासांच्या गल्लीतून, आणि गल्ली गच्च भरलेली. ताशे वाजत होते. आलोक सर आपल्या क्लासच्या पायरीवर उभे राहून पेढे वाटत होते. त्यांना यंदा नगरपालिकेला उभं राहायचं होतं, म्हणून मंत्री गेल्याचा आनंद त्यांना जरा जास्तच झाला होता. चारशे पोरांना त्यांनी तास सोडून गुलालात उतरवलं होतं. डॉक्टर व्हायला आलेली पोरं "भ्रष्ट मंत्री मुर्दाबाद" म्हणून नाचत होती. सकाळी डांबरावर बसलेल्या पोरींना आणि या पोरांना एकमेकांसमोर उभं केलं असतं तर दोघांनीही शिवशंकरलाच विचारलं असतं, सर, आता काय म्हणायचं?

तो भिंतीला घासून निघून जाऊ बघत होता. तेवढ्यात आलोक सरांनी हेरलंच. "अरे, आमचे गणिताचे सर! या, या, वर या!"

"सर, कचेरीत काम आहे, पाचच्या आत..."

"एक मिनिट हो. आज तुम्ही नाही आलात तर लोक म्हणतील, आलोकचे शिक्षक तिकडचेच." हे हसत सांगितलं होतं, पण उद्यापासून तास देणारा किंवा न देणारा माणूस सांगत होता. शिवशंकर पायरी चढला. मूठभर गुलाल कपाळावर बसला, पेढा तोंडात कोंबला गेला. समोर पेपरवाल्याचा फोटो निघाला. पाकीट त्यानं शर्टाच्या आत घातलं होतं. तेवढं एक शहाणपण त्याला सुचलं होतं.

कचेरीत पोचला तेव्हा साडेचारला पाच मिनिटं कमी होती. आवक टेबलावर मार्तंडराव बसले होते, निवृत्तीला दोन महिने राहिलेले जुने क्लार्क. शिवशंकरनं तोंड पुसायला रुमाल ओढला आणि खिशातली काळी फीत टेबलावर पडली. मार्तंडरावांनी फितीकडं बघितलं, गुलालाकडं बघितलं.

"दोन्हीकडं हजेरी लावून आलात की सर."

मार्तंडरावांनी पट्टीनं पाकीट फोडलं, पानं मोजली, दोन्ही प्रती ताडून बघितल्या आणि रजिस्टर पुढं ओढून नावं उतरवायला लागले. ते मोठ्यानं वाचत लिहायचे, ती त्यांची सवयच होती. एक, दोन, तीन, चार. पाचवं नाव सर्वेशचं.

"झाली पाच," ते म्हणाले.

शिवशंकरला वाटलं आपण उभे आहोत तीच जमीन हलतेय. ते काय असतं हे त्याला ठाऊक होतं. त्यानं टेबलाची कड धरली.

"परत वाचता का?"

मार्तंडरावांनी वर बघितलं. त्यांना कळलं. इतकी वर्षं या टेबलावर बसलेल्या माणसाला न कळून कसं चालेल? त्यांनी पान त्याच्याकडं फिरवलं. आप्पांचं गोल गोल अक्षर, पाच नावं, खाली सही. त्याचं नाव पानावर कुठंच नव्हतं. तुझं न्हाई तर कुनाचं रे, असं म्हणून थाप मारलेला खांदा त्याला अजून जाणवत होता. ज्या शाळेत त्यानं पुठ्ठ्यावर पहिला पाढा लिहिला, तिच्यातून त्याला काढल्याचा कागद आप्पांनी त्याच्याच हातून पोचवला होता. आणि तो ऊर फुटेस्तोवर धावत, मार खायची तयारी ठेवून, वेळेत घेऊन आला होता.

"परत नेऊ का?" तो कसाबसा म्हणाला.

"न्या. पण मग शाळाच गेली. बाकीचे चारही गेले." मार्तंडरावांनी पानं चाळली. "आणि हे बघा, तीन दाखल्यांवर अध्यक्षांची सही राहिलीय. करा तुम्ही. नेहमी तुम्हीच करता ना?"

हे खरं होतं. आप्पांना सह्यांचा कंटाळा. निकालपत्रं, दाखले, रजेचे अर्ज, सगळ्यांवर तेरा वर्षं शिवशंकरच आप्पांची सही ठोकत आला होता. आप्पांनीच शिकवली होती: म मोठा काढायचा, शेवटी शेपूट उजवीकडं. सगळ्या शाळेला माहीत होतं, कचेरीलाही माहीत होतं. त्यात कुणाला कधी गैर वाटलं नव्हतं.

"मी चहा घेऊन येतो," मार्तंडराव म्हणाले आणि उठून गेले.

शिवशंकर खुर्चीवर बसला. पहिल्या दाखल्यावर सही केली. दुसऱ्यावर केली. तिसऱ्यावर केली. मग त्यानं नावांचं पान पुढं घेतलं.

वर्षाराणी म्हणाली होती, नाव डोळ्यांनी बघून या. आता जाऊन काय सांगायचं? छत्तिसाव्या वर्षी, गुलाल लावून, पेढा खाऊन? सर्वेशचा वाऱ्यातला आवाज त्याला ऐकू आला, गळू द्या, मला वय हाय अजून. त्यानं तो आवाज मुद्दाम दोनदा आठवला. पोरगं आपणहून म्हणालं होतं ना? तोंडानं म्हणालं होतं, म्हणून खरंच म्हणालं होतं का, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर हात चालला नसता.

पाचव्या नावावर त्यानं आडवी रेघ ओढली. वर आपलं नाव लिहिलं. बाजूला आप्पांची छोटी सही केली, म मोठा, शेपूट उजवीकडं. मग दुसऱ्या प्रतीवर तेच केलं.

मार्तंडराव परत आले, खाडाखोड बघितली, सही बघितली. मग रजिस्टरमधलं पाचवं नाव त्यांनी खोडून दुसरं लिहिलं. दोन्ही प्रतींवर शिक्का मारला. "आता ही फाईल कुणी परत मागू नका," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आज परत उघडली, तर उद्या नव्या मंत्र्याच्या टेबलावर. मग शाळाही नाही आणि नावंही नाहीत." शिक्क्याची प्रत, म्हणजे पोच, त्यांनी घडी घालून दिली.

घरी वर्षाराणीनं विचारलं, "बघितलं?" तो म्हणाला, "बघितलं." ती देवापाशी साखर ठेवायला आत गेली आणि आतूनच रडल्याचा आवाज आला. तो बाहेर पायरीवर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी शाळेत पाय ठेवताच शिपायानं सांगितलं, आप्पा हापिसात बोलवायलेत. आत सगळे शिक्षक उभे होते, सर्वेशही. टेबलावर पेपर पसरला होता. फोटो रंगीत होता. शिवशंकरच्या कपाळावर गुलाल, तोंडात पेढा, आणि डोळे मिटलेले. बघणाऱ्याला वाटावं, आनंदानं मिटलेत.

"बघा," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज जड होता, जवळजवळ रडवेला. "बघा रे समदे. साहेबाच्या दुःखात आपली लेकरं उन्हात बसली, आन् हे पेढे खायलेत. ह्या मान्साचं नाव मी माझ्या हातानं यादीत लिवलं व्हतं. देवाशपथ सांगतो. माझ्या सख्ख्या भाच्याचं घातलं न्हाई, ह्याचं घातलं. का, तर शाळा ह्यानं उभी केली. आता सांगा, कसं ठेवू?"

मग एकजण पुटपुटला, "फितुरी ती फितुरीच, आप्पा." दुसऱ्यानं मान हलवली. तेरा वर्षं एका डब्यात जेवलेली माणसं. त्यांचंही चुकत नव्हतं. एक नाव गळणार होतं आणि ते आपलं नाही, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

शिवशंकर आप्पांकडं बघत राहिला. केवढं साधं होतं ते! कालच्या पाकिटातली गोष्ट आजच्या फोटोवर लोटायची. मंत्री गेला, फोटो आला, आप्पांचं काम झालं. फोटो आला नसता तर दुसरं काहीतरी सापडलं असतं. कालपासूनची त्याची भीती एकदम गेली, आणि तिच्या जागी काहीच आलं नाही. त्यानं खिशातून पोच काढली, उलगडली आणि पेपरवर, आपल्याच फोटोवर ठेवली.

"आप्पा, तुमचा शब्द खोटा न्हाई," तो म्हणाला. "तुम्ही लिवलेलं हाय तसंच हाय. आवक टेबलावरचे मार्तंडराव म्हनले, आता फाईल परत मागितली तर शाळाच जाईल."

आप्पांनी चष्मा लावला. पाचव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं, तिथून छोट्या सहीवर गेलं. ते एकदा शिवशंकरकडं बघणार होते, पण आधी त्यांनी बाकीच्यांकडं बघितलं. सगळ्यांनी आत्ताच देवाची शपथ ऐकली होती. सही खोटी म्हणावी, तर तेरा वर्षांचे दाखले, निकालपत्रं, अख्खा प्रस्ताव, सगळंच खोटं.

"हाव," आप्पा सावकाश म्हणाले. "सही माझीच हाय."

सर्वेश त्यांच्या मागं उभा होता. त्यानं खांद्यावरून वाचलं. खोडलेलं नावसुद्धा नीट वाचता येत होतं. शिवशंकरनं एकच रेघ ओढली होती.

"जा, तास घ्या," आप्पांनी सगळ्यांना घालवलं. शिवशंकरला मात्र थांबवलं. त्यांनी पोचेची घडी घातली, ती स्वतःच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून हात फिरवला. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. बाजारात चांगला बैल हाताला लागावा तसे ते खूश दिसत होते.

"ही माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. जन्मभर," ते म्हणाले. "सांच्याला मळ्यावर ये. नव्या मंत्र्याचा सत्कार ठेवायचाय, पत्र लिवाय लागंल. सही तूच कर. माझी सही आता माझ्यापरीस तुलाच बरी जमती."

शिवशंकर बाहेर आला. पत्र्यांवर ऊन तापायला लागलं होतं. सर्वेश गाडीपाशी उभा होता, झेंडा सोडवत होता. तो काही बोलणार नाही असं वाटलं, म्हणून शिवशंकर खाली मान घालून त्याच्यापुढनं निघाला.

"सर," सर्वेश म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "काल तुमाला मीच सोडलं ना?"

शिवशंकरला थांबावं लागलं. समोर आठवीचा वर्ग उभा राहून वाट बघत होता. पोरींच्या बाह्यांवर छत्रीच्या फिती तशाच होत्या. काढायला कुणी सांगितलंच नव्हतं.

"हाव," तो म्हणाला. "तूच सोडलंस."